चौदा हजार खाती, एकोणसत्तर लाख माणसे: ‘२३अँडमी’ प्रकरणाचा अभ्यास

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘२३अँडमी’ या जनुकीय चाचण्या करणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत या चोरीचे दोन आकडे बाहेर आले, आणि ते शेजारीशेजारी मांडले की प्रकरणाचा सगळा पेच त्यांतच दिसतो. कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला कळवले त्यानुसार चोरांनी प्रत्यक्ष उघडलेली खाती होती सुमारे १४,०००, म्हणजे एकूण खात्यांच्या ०.१ टक्का. ज्यांची माहिती चोरांच्या हाती लागली ती माणसे मात्र होती सुमारे ६९ लाख. उघडलेल्या प्रत्येक खात्यामागे सरासरी पाचशेच्या आसपास माणसे उघडी पडली. बँकेतले एक खाते फोडले तर एकाचे पैसे जातात, शेजारच्या खात्यातली शिल्लक चोराला दिसत नाही. इथे ती दिसली, आणि त्यासाठी चोरांना कोणतीही वेगळी भिंत फोडावी लागली नाही.

पुढे मार्च २०२५ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती लिलावात विक्रीयोग्य मालमत्ता म्हणून मांडली गेली. माहितीची चोरी आणि माहितीची विक्री या दोन निराळ्या घटना म्हणून त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्यांचे मूळ एकच आहे. कंपनी, ग्राहक आणि कायदा या तिघांनीही जनुकीय माहिती ही एका खातेदाराची खासगी बाब आहे असे धरून सगळी व्यवस्था उभी केली, आणि ती माहिती मुळात तशी नाही.

नळी, चिप आणि फाइल

कंपनीची स्थापना २००६ मध्ये कॅलिफोर्नियात ॲन वॉजिस्की, लिंडा एव्ही आणि पॉल कुसेन्झा यांनी केली. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, त्यावरून कंपनीचे नाव आले. ग्राहकाला घरपोच एक डबी मिळे. त्यातल्या प्लास्टिकच्या नळीत खुणेच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची, त्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, झाकण दाबून आतला द्राव थुंकीत मिसळायचा आणि नळी टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवायची. तिथे संपूर्ण जनुकसंच वाचला जात नाही. जनुकसंचात सुमारे तीन अब्ज वीस कोटी अक्षरे असतात, आणि त्यातली जवळजवळ ९९.९ टक्के कोणत्याही दोन माणसांत सारखीच असतात. त्यामुळे जिथे माणसामाणसांत फरक पडतो अशा निवडक लाखो जागा तेवढ्या एका चिपवर तपासल्या जातात.

या तपासणीतून निघणारी ‘कच्च्या माहितीची’ फाइल ग्राहकाला उतरवून घेता येते. ती साध्या मजकुराची फाइल असते आणि कोणत्याही संगणकावर उघडते. अलीकडच्या चिपवर तिच्यात सहा लाखांहून अधिक ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत जागेचा क्रमांक, गुणसूत्राचा क्रमांक, त्या गुणसूत्रावरचे स्थान आणि शेवटी दोन अक्षरे अशा चारच गोष्टी असतात. त्या दोन अक्षरांपैकी एक आईकडून आलेले असते, एक वडिलांकडून. दुसऱ्या गुणसूत्रावरची ‘आरएस ४९८८२३५’ ही ओळ पाहावी. तिथे ‘ए ए’ असेल तर त्या व्यक्तीला मोठेपणीही दूध पचण्याची शक्यता अधिक. इतक्या निरुपद्रवी ओळीपासून पुढे सरकत गेले की एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई जनुकाच्या जागा येतात, आणि तिथला ई४ हा प्रकार उतारवयातील अल्झायमरचा धोका वाढवणारा असतो. एखाद्या व्यक्तीकडे ई४ च्या दोन प्रती निघाल्या तर तिच्या आईकडे आणि वडिलांकडे किमान एकेक प्रत आहे, आणि तिच्या प्रत्येक अपत्याकडे एक प्रत जाणारच, हे त्यांच्यापैकी कोणाचीही चाचणी न करता कळते. फाइलीच्या माथ्यावर नाव एकाचेच असते, मजकूर मात्र तिघाचौघांचा असतो.

नळीची विक्री हा या धंद्याचा पाया कधीच भक्कम नव्हता, कारण जनुके बदलत नाहीत आणि एकदा चाचणी केलेला ग्राहक पुन्हा चाचणी करायला येत नाही. खरी किंमत साठलेल्या माहितीला होती. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ८० टक्क्यांहून अधिक ग्राहकांनी आपली माहिती संशोधनासाठी वापरायला संमती दिली होती. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषधकंपनीने तिच्यात ३० कोटी डॉलर गुंतवले ते याच साठ्यातून औषधांची लक्ष्ये शोधण्यासाठी. जून २०२१ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिचे मूल्य साडेतीन अब्ज डॉलर धरले गेले होते. ग्राहक स्वतःला खरेदीदार समजत होता. गुंतवणूकदारांच्या हिशेबात तो पुरवठादार होता.

नातेवाईक दाखवणारा पडदा

चोरीचा आकडा १४,००० वरून ६९ लाखांवर कसा गेला हे समजण्यासाठी ‘डीएनए रिलेटिव्हज’ या सोयीकडे बारकाईने पाहावे लागते. ग्राहकाने होकार दिला की त्याच्या जनुकांचे तुकडे होकार दिलेल्या इतर सर्व ग्राहकांशी ताडून पाहिले जात, आणि ज्यांच्याशी काही अंश जुळे त्यांची यादी त्याला दिसे. ही यादी साधारण दीड हजार माणसांपर्यंत जाई. प्रत्येक नावापुढे अंदाजे नाते, समान डीएनएचे प्रमाण आणि त्या व्यक्तीने खाते शेवटचे केव्हा उघडले हे दिसे. त्या व्यक्तीने दाखवायचे ठरवले असेल तर जन्मवर्ष, गाव, पूर्वजांची आडनावे व जन्मस्थळे, वंशाचा अहवाल आणि छायाचित्रही दिसे.

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए समान असतो. आजी-आजोबा एक असलेल्या भावंडांत हे प्रमाण सरासरी साडेबारा टक्के असते. मराठीने त्यांच्यासाठी चुलत, आते, मामे, मावस असे चार शब्द राखून ठेवले आहेत आणि इंग्रजी एकाच शब्दावर भागवते. साडेबारा टक्के मात्र चौघांनाही सारखेच, त्यामुळे पडद्यावरच्या आकड्यावरून नाते कोणत्या बाजूचे ते कळत नाही आणि ते इतर नावांशी जुळवून काढावे लागते. ज्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी एक, त्यांच्यात समान डीएनए सरासरी पाऊण टक्क्याच्या आसपास उरतो. अशी माणसे एकमेकांना बहुधा ओळखतही नाहीत, पण चिपला ती ओळखू येतात. दीड हजारांच्या यादीत बहुतांश भरणा अशाच दूरच्या भाऊबंदांचा असतो.

या सोयीने अनेकांचे भलेही केले आहे, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. दत्तक गेलेल्या माणसांना आपले जन्मदाते सापडले, तुटलेली घराणी जोडली गेली. त्याच पडद्यावर काहींना आपले वडील जैविक वडील नाहीत हेही कळले, आणि ज्यांचे गुपित उघडे झाले त्यांनी त्याला होकार दिलेला नव्हता.

आता असे समजू की एका बाईंनी आपल्या खात्याला लांबलचक, इतरत्र कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवला आहे, त्यांनी ही सोय सुरू ठेवली आहे, आणि त्यांच्या एका मावसभावाने दहा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा संकेतस्थळाचाच पासवर्ड इथेही ठेवला आहे. चोराने मावसभावाचे खाते उघडले की त्याला जी यादी दिसते तिच्यात या बाई आहेत. त्यांनी आपले दार नीट लावले होते. फक्त त्या घराला दीड हजार दारे होती आणि उरलेल्या दारांच्या किल्ल्या ओळखी-अनोळखी नातेवाइकांच्या खिशात होत्या.

एप्रिल ते ऑक्टोबर

चोरांनी वापरलेली युक्ती जुनीच होती. इतर संकेतस्थळांवरून यापूर्वी फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या यंत्राकरवी एकामागून एक लावून पाहायच्या, आणि ज्यांनी तोच पासवर्ड दोन ठिकाणी ठेवला आहे त्यांची खाती उघडायची. संगणक सुरक्षेच्या परिभाषेत याला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. हा हल्ला एप्रिल २०२३ च्या अखेरीस सुरू झाला आणि सप्टेंबरच्या अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने चालला. पासवर्डखेरीज दुसरा संकेतांक मागणारी दोन टप्प्यांची पडताळणी कंपनीकडे होती, पण ऐच्छिक. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, चोरी उघड झाल्यानंतर, सर्वांना सक्तीची झाली.

ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने आणि कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी मिळून केलेल्या तपासात या पाच महिन्यांचा जो क्रम मांडला गेला तो वाचताना हळहळ वाटते. मे महिन्यात हल्ल्याची पहिली मोठी लाट आली. जुलैमध्ये अनधिकृत हालचालींची चौकशी झाली, पण सुटीसुटी. ऑगस्टमध्ये एक कोटीहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा कोणीतरी केला, तो कंपनीने थाप म्हणून बाजूला सारला. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली. पूर्ण चौकशी सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये, आणि तीही कंपनीच्या यंत्रणेने धोक्याची घंटा वाजवली म्हणून नव्हे. चोरीचा माल विकायला असल्याची जाहिरात रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एका कर्मचाऱ्याच्या नजरेस पडली तेव्हा.

बाजारात आलेल्या याद्यांची मांडणी या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. पहिल्या यादीत अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातल्या, ज्यू वंशाची माणसे निवडून एकत्र केली होती, आणि तिच्यासोबत चिनी वंशाच्या माणसांची यादीही होती. ग्राहकाने कुतूहलापोटी जाणून घेतलेला वंशाचा टक्का चोराच्या हातात गाळणीसारखा वापरला गेला. एखाद्या समूहातल्या माणसांची नावे, ठिकाणे आणि जन्मवर्षे एकत्र करून देणारी यादी काय करू शकते, हे विसाव्या शतकाच्या इतिहासाने पुरेसे दाखवलेले आहे. अशी यादी तयार होण्यासाठी कच्च्या माहितीची सहा लाख ओळींची फाइल लागली नाही. नातेवाइकांच्या पडद्यावर दिसणारा वंशाचा स्तंभ पुरला.

जबाबदारी कोणाची

दावे दाखल होऊ लागल्यावर कंपनीच्या वकिलांनी डिसेंबर २०२३ मध्ये दावेकऱ्यांना पत्र पाठवले. ग्राहकांनी निष्काळजीपणे जुनेच पासवर्ड पुन्हा वापरले आणि ते बदलले नाहीत, असा त्याचा आशय होता. चोरीस गेलेल्या माहितीत सामाजिक सुरक्षा क्रमांक किंवा आर्थिक तपशील नसल्याने कोणाचे आर्थिक नुकसान संभवत नाही, असेही त्यात म्हटले होते. त्याच सुमारास कंपनीने आपल्या सेवाशर्ती बदलून वाद सामूहिक दाव्याऐवजी लवादाकडे नेण्याची तरतूद अधिक घट्ट केली.

पहिल्या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते १४,००० जणांपुरते. उरलेल्या सुमारे ६९ लाखांनी कोणताही पासवर्ड पुन्हा वापरला म्हणून त्यांची माहिती गेली असे नव्हते. एकाच्या चुकीची किंमत पाचशे जणांनी मोजावी अशी रचना कंपनीने स्वतः उभी केली होती आणि ती रचनाच तिच्या उत्पादनाचे मुख्य आकर्षण होती. अशा ठिकाणी ग्राहक पासवर्ड पुन्हा वापरतील हे गृहीत धरून बांधणी करणे ही बांधणाऱ्याची जबाबदारी ठरते. दुसरा युक्तिवाद तर मुद्दाच उलटा करतो. कार्डाचा क्रमांक चोरीला गेला तर बँक नवे कार्ड देते. एपीओई जनुकाच्या जागेवरची अक्षरे कोणी बदलून देत नाही, आणि ती अक्षरे मुलांकडे जातात.

ब्रिटनच्या आयुक्तालयाने १७ जून २०२५ रोजी कंपनीला २३ लाख १० हजार पौंडांचा दंड केला. ब्रिटनमधील १,५५,५९२ व्यक्तींची माहिती उघड झाली होती. सक्तीची दोन टप्प्यांची पडताळणी नाही, पासवर्डचे पुरेसे कडक नियम नाहीत, आणि कच्ची जनुकीय माहिती पाहण्यासाठी वा उतरवण्यासाठी वेगळी खातरजमा नाही, हे त्यातले मुख्य आक्षेप होते. शेवटचा आक्षेप विशेष महत्त्वाचा वाटतो. घराला एक कुलूप असणे ठीक, पण तिजोरीलाही तेच कुलूप होते. याच संयुक्त तपासातून निघालेले निष्कर्ष हाती असूनही कॅनडाच्या आयुक्तांना दंड करता आला नाही, कारण त्यांच्या कायद्याने तो अधिकार त्यांना दिलेलाच नाही. अमेरिकेत सामूहिक दाव्यात सप्टेंबर २०२४ मध्ये तीन कोटी डॉलरची तडजोड पुढे आली.

मूळ देशातील कायद्याची स्थिती अधिक विचित्र आहे. रुग्णांच्या माहितीचे रक्षण करणारा १९९६ चा ‘हिपा’ कायदा रुग्णालये, डॉक्टर आणि आरोग्य विमा कंपन्या यांना लागू होतो. ग्राहकाला थेट नळी विकणारी कंपनी त्याच्या व्याख्येत बसत नाही. रुग्णालयाने केलेल्या चाचणीतली आणि घरबसल्या केलेल्या चाचणीतली अक्षरे तीच असली, तरी पहिल्यांना वैद्यकीय माहितीचे कवच मिळते आणि दुसरी केवळ ग्राहकमाहिती ठरतात. २००८ चा ‘जीना’ कायदा आरोग्य विम्यात आणि नोकरीत जनुकीय भेदभावाला मनाई करतो. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्याच्या बाहेर आहेत. अल्झायमरच्या धोक्याची माहिती नेमकी याच तीन ठिकाणी सर्वांत महाग पडू शकते. फ्लोरिडासारख्या एखाद्या राज्याने २०२० मध्ये स्वतःचा कायदा करून ही फट काही अंशी बुजवली, आणि कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये थेट ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या चाचण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. संघीय पातळीवर फट तशीच आहे.

नाव काढून टाकणे पुरेसे का नाही

अशा प्रकरणांत नेहमी एक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे माहितीवरचे नाव पुसून टाकणे. जनुकीय माहितीच्या बाबतीत हा उपाय कितपत टिकतो, याची उत्तरे या चोरीच्या बरीच आधी मिळाली होती. शेकडो लोकांच्या डीएनएचे मिश्रण असले तरी त्यात विशिष्ट व्यक्ती आहे की नाही हे सांगता येते, असे २००८ मध्ये दाखवले गेल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी संशोधनाची एकत्रित आकडेवारीसुद्धा खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतली. २०१३ मध्ये संशोधकांनी वाय गुणसूत्रावरील खुणा वंशावळीच्या खुल्या संकेतस्थळांशी ताडून आडनाव काढले, त्याला वय आणि राज्य जोडले, आणि संशोधनात निनावी सहभागी झालेल्या जवळजवळ पन्नास जणांची ओळख पटवली.

२०१८ मध्ये हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर आला. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत खून आणि बलात्कारांची मालिका करणाऱ्या जोसेफ जेम्स डीअँजेलो याला त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अटक झाली, ती गुन्ह्याच्या जागी सापडलेला डीएनए वंशावळीच्या संकेतस्थळावर चढवून त्याच्या दूरच्या नातेवाइकांचा माग काढल्याने. डीअँजेलोने स्वतः कोणत्याही नळीत थुंकी भरलेली नव्हती. त्याच्या अटकेबद्दल कोणाला वाईट वाटण्याचे कारण नाही, पण जी वाट त्याच्यापर्यंत गेली ती इतर कोणापर्यंतही जाते. याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा लाख ऐंशी हजार व्यक्तींच्या संग्रहावर हिशेब मांडला गेला. युरोपीय वंशाच्या अमेरिकी व्यक्तीचा शोध घेतला तर सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा एक असलेला किंवा त्याहून जवळचा नातेवाईक त्यात सापडेल, असे त्यातून निघाले. म्हणजे ज्याने चाचणीला ठाम नकार दिला आहे त्याचाही ठावठिकाणा, नातेवाइकांनी दिलेल्या होकारांची बेरीज करून काढता येतो.

लिलाव

चोरीनंतर कंपनी सावरली नाही, आणि केवळ चोरीमुळेच ती बुडाली असेही नाही. एकदाच विकता येणारे उत्पादन, औषधसंशोधनावरचा खर्च आणि घसरता शेअर यांनी ती आधीच पोखरली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये संचालक मंडळातील सातही स्वतंत्र संचालकांनी एकाच वेळी राजीनामे दिले. संस्थापक वॉजिस्की यांनी कंपनी स्वतःकडे घेण्यासाठी मांडलेला प्रस्ताव त्यांना समाधानकारक वाटत नव्हता. नोव्हेंबरमध्ये सुमारे ४० टक्के कर्मचारी कमी झाले. २१ मार्च २०२५ रोजी कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल रॉब बॉन्टा यांनी कंपनीच्या आर्थिक अडचणींकडे बोट दाखवत ग्राहकांना आपली माहिती पुसून टाकण्याच्या हक्काची आठवण करून दिली, आणि दोनच दिवसांनी, २३ मार्चला, कंपनीने मिझुरी राज्यातील न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला.

दिवाळखोरीच्या कायद्याचे काम कंपनीला कर्ज दिलेल्यांचे पैसे वसूल करून देणे हे असते, आणि त्यासाठी कंपनीकडे जे विकण्याजोगे आहे ते विकले जाते. ग्राहकांच्या माहितीबाबत त्याला पहिला धडा २००० मध्ये टॉयस्मार्ट या खेळणी विकणाऱ्या कंपनीने दिला होता. ग्राहकांची यादी कधीही कोणाला देणार नाही असे वचन देऊन तिने दिवाळखोरीत तीच यादी विकायला काढली. संघीय व्यापार आयोग आडवा आला आणि अखेरीस ५०,००० डॉलर मोजून ती यादी नष्ट करण्यात आली. २००५ मध्ये कायदा सुधारला गेला. कंपनीच्या गोपनीयता धोरणाशी विसंगत अशी व्यक्तिगत माहितीची विक्री असेल तर न्यायालयाने ग्राहक गोपनीयता लोकपाल, म्हणजे अशा विक्रीचा ग्राहकांवरील परिणाम न्यायालयापुढे मांडणारी व्यक्ती, नेमावा, अशी तरतूद त्यात आली. पण त्या कायद्यातली ‘व्यक्तिगत माहिती’ म्हणजे नाव, पत्ता, ईमेल, दूरध्वनी, सामाजिक सुरक्षा क्रमांक, कार्डाचा क्रमांक आणि अशांना जोडून येणारे तपशील. खेळण्यांच्या ग्राहकयादीसाठी ही व्याख्या पुरेशी होती. जनुकांचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

त्यात २३अँडमीच्या धोरणातच एक वाक्य होते की विलीनीकरण, कंपनीची खरेदी किंवा दिवाळखोरी झाल्यास व्यक्तिगत माहिती त्या व्यवहाराचा भाग म्हणून विकली किंवा हस्तांतरित केली जाऊ शकते. ग्राहकांनी नळी भरण्यापूर्वी या वाक्यालाही मान्यता दिली होती. ते वाक्य वाचणारे त्यांच्यात कितीसे असतील हा प्रश्न कायद्यापुढे गौण ठरतो. त्यांच्या भावंडांना आणि मुलांना तर ते वाचायला दिलेच नव्हते.

न्यायालयाने कायद्याचे प्राध्यापक नील रिचर्ड्स यांना लोकपाल नेमले. मे महिन्यात रिजेनेरॉन या औषधकंपनीने २५ कोटी ६० लाख डॉलरची बोली जिंकली. त्यानंतर वॉजिस्की यांनी स्थापन केलेल्या ‘टीटीएएम रिसर्च इन्स्टिट्यूट’ या ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर देऊ केले आणि फेरबोलीत रिजेनेरॉन मागे हटली. जूनमध्ये २७ राज्ये आणि डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया (राजधानी वॉशिंग्टनचा प्रदेश) यांनी दावा दाखल केला. ग्राहकाची स्पष्ट, नव्याने घेतलेली संमती असल्याशिवाय जनुकीय माहिती विकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाटाघाटींनंतर बहुतेक राज्यांचा विरोध मावळला, कॅलिफोर्नियासह काही राज्यांचा राहिला. न्यायाधीश ब्रायन वॉल्श यांनी २७ जून २०२५ रोजी विक्रीला मान्यता दिली आणि १४ जुलैला व्यवहार पुरा झाला. नव्या मालकाने जुनी धोरणे पाळणे, ग्राहकांना आगाऊ ईमेल पाठवणे, माहिती पुसण्याचा हक्क कायम ठेवणे आणि गोपनीयतेसाठी सल्लागार मंडळ नेमणे अशा अटी स्वीकारल्या.

हा निकाल वाईट म्हणता येणार नाही, कदाचित उपलब्ध पर्यायांतला तो बरा होता. पण तो चांगला ठरला तो बोली लावणाऱ्यांच्या स्वरूपामुळे. संस्थापकच पुन्हा मालक झाल्याने ‘परक्याच्या हाती माहिती गेली’ हा आक्षेप बोथट झाला. जास्त पैसे एखाद्या विमा व्यवसायाशी संबंधित किंवा जाहिरातींसाठी माहिती गोळा करणाऱ्या खरेदीदाराने मोजले असते, तर जुनी धोरणे पाळण्याच्या वचनापलीकडे त्याला अडवणारे कायद्यात फारसे काही नव्हते. आणि ही धोरणे बदलण्याचा हक्क कंपनीने त्या धोरणांतच राखून ठेवलेला असतो.

पुसण्याचे बटण

जून २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे कंपनीच्या तत्कालीन हंगामी प्रमुखांनी सांगितले की दिवाळखोरीच्या अर्जानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांनी आपली माहिती पुसण्याची मागणी केली आहे. त्यांनी जे केले ते साधारण असे. खात्यात शिरून ‘सेटिंग्ज’मध्ये जायचे, पानाच्या तळाशी कंपनीकडील माहितीचा विभाग शोधायचा, हवी असल्यास कच्च्या माहितीची फाइल आधी उतरवून घ्यायची, मग ‘कायमचे पुसा’ या बटणावर टिचकी मारायची. त्यानंतर एक ईमेल येतो, आणि त्यातल्या दुव्यावर पुन्हा होकार दिला तरच प्रक्रिया सुरू होते. नळीतली उरलेली थुंकी जपून ठेवायला परवानगी दिलेली असेल तर तीही नष्ट केली जाते. होकारानंतर मागे फिरता येत नाही.

त्या बटणाने काय जाते हे जितके स्पष्ट आहे तितकेच काय राहते हेही. प्रयोगशाळांसाठीच्या नियमांनुसार जनुकीय माहिती, जन्मतारीख आणि लिंग यांची नोंद प्रयोगशाळेला ठराविक काळ ठेवावी लागते, असे कंपनीच्या धोरणातच म्हटले आहे. ज्या संशोधनात ती माहिती आधीच वापरली गेली त्यातून ती मागे घेता येत नाही. २०२३ मध्ये बाजारात गेलेल्या याद्यांना कोणतेही बटण नाही. आणि १९ लाखांपैकी एखाद्या बाईंनी सगळ्या पायऱ्या नीट पार पाडल्या, शेवटच्या ईमेलला होकार दिला, खाते बंद झाल्याचे पाहिले, तरी त्यांच्या सख्ख्या भावाने खाते तसेच ठेवले असेल तर त्यांचा निम्मा डीएनए नव्या मालकाकडे भावाच्या नावाने जमा आहे. भावाचे खाते पुसण्याचा अर्ज करण्याची सोय त्यांना नाही, आणि ती कोणत्या स्वरूपात असावी हे आजवरच्या कोणत्याही कायद्याने, या प्रकरणातल्या कोणत्याही निकालाने किंवा अटीने सांगितलेले नाही.